अठरा वर्षांचा मतदार ग्रामसभेपर्यंत पोचावा म्हणून

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

२५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिन आला की गोव्यातल्या महाविद्यालयांत मतदानाची शपथ होते आणि दुसऱ्या दिवशी तिची छायाचित्रे दैनिकांत येतात. त्याआधी १२ जानेवारीला राष्ट्रीय युवा दिन होऊन गेलेला असतो आणि ‘युवकांनी राजकारणात यावे’ अशी भाषणे झालेली असतात. हे कार्यक्रम सरकारी खाती करतात, तशीच आमच्यासारखी मंडळे, क्लब आणि स्वयंसेवी संस्थाही करतात. आमची तक्रार कार्यक्रमांबद्दल नाही, त्यांच्यानंतरच्या अकरा महिन्यांबद्दल आहे. तरुणांचा राजकीय हक्क शेवटी एखाद्या अर्जावर, एखाद्या तारखेवर आणि पंचायतीच्या आवक क्रमांकावर येऊन अडतो. तिथे त्यांच्या शेजारी उभे राहायला स्वयंसेवी क्षेत्रातली माणसे फार कमी असतात.

गोवा विधानसभेची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते. ऑगस्ट २०२२ मध्ये ज्या १८६ पंचायतींची निवडणूक झाली, त्यांची पाच वर्षेही त्याच साली भरतात. फेब्रुवारी २०२२ च्या विधानसभा निवडणुकीला १ जानेवारी २०२२ हा अर्हता दिनांक (ज्या दिवशी वयाची अठरा पूर्ण असावी लागतात तो दिवस) लागू होता. म्हणजे २ जानेवारी २००४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना त्या वेळी मत देता आले नाही. त्यांतल्या थोरल्यांना मे २०२४ ची लोकसभा मिळाली, तीही नाव यादीत असल्यास. पुढची विधानसभा निवडणूक २०२७ च्या पहिल्या महिन्यांत झाली, तर १ जानेवारी २००९ पर्यंत जन्मलेल्यांना मत देता येईल. अकरावी-बारावीत असलेल्यांपासून वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांत पहिली नोकरी धरलेल्यांपर्यंत ही सगळी मुले पसरली आहेत.

सुरुवात फॉर्म ६ पासून, म्हणजे मतदार यादीत नव्याने नाव घालण्याच्या अर्जापासून. २०२१ च्या कायदादुरुस्तीनंतर अर्हता दिनांक वर्षाला एकाऐवजी चार झाले: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. ज्या दिवशी वयाची अठरा पूर्ण असतील, त्या दिवसाच्या यादीत नाव येते. १ एप्रिलला जन्मलेला मुलगा त्याच दिवसाच्या यादीत बसतो, २ एप्रिलला जन्मलेल्याला १ जुलैपर्यंत थांबावे लागते. सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्जही करता येतो. तरीही बहुतेक मंडळे नोंदणीचे शिबिर जानेवारीत एकदाच घेतात. मार्च, जून आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एकेक दिवस महाविद्यालयाच्या दारात टेबल टाकले, तर वर्षभरातली सगळी मुले आपोआप हाती लागतात. आमच्या मते एका टेबलाला तीन माणसे पुरतात. एक कागद तपासणारा, एक मोबाइलवर अर्ज भरून घेणारा आणि एक संदर्भ क्रमांक वहीत उतरवणारा. तिसरा माणूस नसेल तर शिबिर घेऊच नये. अर्ज भरल्यावर मिळणारा संदर्भ क्रमांक मुले हमखास हरवतात आणि पुढे अर्जाचे काय झाले हे कोणालाच सांगता येत नाही.

अर्ज कुठे अडतात, तेही ठरलेले आहे. पहिली चूक मतदारसंघाची. फोंडा तालुक्यात प्रियोळ, फोंडा, शिरोडा आणि मडकई असे चार मतदारसंघ आहेत. मूल पत्त्यात ‘फोंडा’ लिहिते आणि मतदारसंघही ‘फोंडा’ निवडते, मग अर्ज भलत्याच अधिकाऱ्याकडे जातो. घरातल्या एखाद्या मतदाराचा ओळखपत्र क्रमांक जवळ ठेवून अर्ज भरला तर ही चूक होत नाही, कारण त्या क्रमांकावरून मतदारसंघ आणि यादीभाग दोन्ही सापडतात. दुसरी अडचण आडनावाची. जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचे स्पेलिंग, दहावीच्या प्रमाणपत्रावर इंग्रजी वळणाचे आणि आधारवर तिसरेच, असे गोव्यात सर्रास दिसते. वयाचा पुरावा म्हणून जो कागद जोडणार, त्यावरचेच स्पेलिंग अर्जात लिहावे. तिसरी अडचण पत्त्याची. वीज, पाणी किंवा गॅसचे बिल, बँक वा पोस्टाचे पासबुक, आधार, पारपत्र, जमिनीचा उतारा, नोंदणीकृत भाडेकरार यांपैकी काहीही चालते आणि बिल आईवडिलांच्या नावावर असले तरी चालते. मुंडकाराच्या (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या) घरात वाढलेल्या किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलांकडे यातले काहीच नसते. घरमालक करार नोंदवत नाही आणि बिल त्याच्याच नावावर येते. अशा वेळी बीएलओने (मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने) प्रत्यक्ष घरी येऊन पडताळणी करावी, अशी तरतूद आहे. ती मुलांना माहीत नसते, म्हणून ती टेबलावरून परत जातात. आधार क्रमांक नसला तर तसे लिहून देण्याची सोयही अर्जातच आहे.

अर्ज दाखल झाला की तो यादीत प्रसिद्ध होतो, हरकतीसाठी सात दिवस ठेवावे लागतात, मग बीएलओ घरी येतो. तो येतो तेव्हा मूल कॉलेजला आणि आईवडील कामाला. ‘घरी कोणी नाही’ असा शेरा बसला की अर्ज लटकतो. ज्याने संदर्भ क्रमांक वहीत लिहिला, त्यानेच आठवड्याने स्थिती पाहून बीएलओला फोन करायचा असतो. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याचे छायाचित्र निघत नाही. अर्ज फेटाळला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते आणि तिथेही नकार मिळाला तर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी गोठते. हरकतीचे दिवस धरता, निवडणूक जाहीर झाल्यावर जाग आलेल्याच्या हातात जेमतेम काही दिवस उरतात.

नोव्हेंबर २०२५ पासून गोव्यात मतदार याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण झाले. त्यामुळे २०२४ मध्ये मतदान केलेल्या तरुणांनीही आपले नाव अजून यादीत आहे का, हे पाहून घ्यावे. शिकायला पुण्याला किंवा बेळगावला गेलेला मुलगा फेरतपासणीच्या वेळी घरी नसतो आणि ‘स्थलांतरित’ म्हणून नाव उडण्याची शक्यता असते. लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे तात्पुरते बाहेर राहिल्याने सामान्य निवास संपत नाही, आणि म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय नाव वगळता येत नाही. नाव गेलेच असेल तर नव्याने फॉर्म ६ भरावा लागतो. नुसता पत्ता बदलायचा असेल तर फॉर्म ८ असतो. या दोहोंतला फरक टेबलावरच्या माणसाला पाठ हवा.

वसतिगृहातल्या मुलांना दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. संस्थाप्रमुखाचा दाखला जोडून वसतिगृहाच्या पत्त्यावर नाव घालता येते किंवा घरच्या पत्त्यावर ठेवता येते. दोन्हीकडे ठेवणे बेकायदा आहे आणि खोटे निवेदन दिल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. निवड करण्यापूर्वी एक परिणाम समजून घ्यायला हवा, जो शिबिरांत कोणी सांगत नाही. काणकोणच्या मुलीने विद्यापीठाच्या वसतिगृहाचा पत्ता देऊन ताळगावात नाव घातले, तर आमदारासोबत तिची ग्रामसभाही बदलते. तिच्या गावातल्या खाणीवर, झऱ्यावर, रस्त्यावर बोलण्याचा हक्क त्या दिवसापासून तिथे राहत नाही, कारण ग्रामसभेचे सभासदत्व मतदार यादीवरच ठरते.

बोटीवर आणि आखातात जाणाऱ्यांविषयी गैरसमज फार आहेत. भारतीय नागरिक असलेल्या आणि परदेशात राहणाऱ्या गोमंतकीयाला फॉर्म ६अ भरून पारपत्रावरच्या पत्त्यावर नाव ठेवता येते. मत द्यायला मात्र प्रत्यक्ष मतदान केंद्रावर यावे लागते. ज्याने पोर्तुगालचे नागरिकत्व घेतले आहे, तो भारतात मतदार राहू शकत नाही, मग घर, घरपट्टी आणि देवस्थानातले दायजीपण इथले असले तरी. हा विषय घराघरांत नाजूक आहे, पण नोंदणीच्या टेबलावर तो स्पष्ट बोलावाच लागतो.

मतदार झाल्यावर काय, हा प्रश्न यापुढे सुरू होतो. पंचायतीचा पंच व्हायला वयाची २१ वर्षे लागतात, आमदार आणि लोकसभेचा खासदार व्हायला २५. अठरा ते एकवीस या तीन वर्षांत ग्रामीण तरुणाला कायद्याने मिळालेले एकच सभागृह आहे आणि ते म्हणजे ग्रामसभा. तिथे त्याला कोणाच्या शिफारशीने जायचे नसते. राज्यघटनेच्या २४३व्या अनुच्छेदाप्रमाणे गावच्या यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी मोजली गेली, पण त्यातली पुष्कळ जनगणना-शहरे प्रशासनाच्या दृष्टीने आजही पंचायतीच आहेत. त्यामुळे आपण शहरात राहतो असे मानणाऱ्या कितीतरी मुलांना ग्रामसभा आहे. म्हापसा, मडगाव, पणजीच्या मुलांना मात्र ती नाही. शहरांतल्या प्रभाग समित्या घटनेने तीन लाखांवर लोकसंख्येच्या पालिकांना सक्तीच्या केल्या आहेत आणि गोव्यातले एकही शहर तिथवर पोचत नाही. शहरी तरुणांसाठी वेगळी सोय हवी, हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे.

ग्रामसभेत गेलेली मुले एकदाच जातात, पुन्हा येत नाहीत, असा अनुभव बहुतेक मंडळांचा असेल. कारण सोपे आहे. मूल उठून तोंडी प्रश्न विचारते, ‘हा विषय अजेंड्यावर नाही’ असे उत्तर मिळते, मागून कोणीतरी ‘कोणाचा रे तू?’ विचारतो आणि विषय संपतो. याला तयारीशिवाय उपाय नाही. सभेची सूचना फलकावर लागताच तिचे छायाचित्र घ्यावे. प्रश्न किंवा ठराव लेखी, दोन प्रतींत, काही दिवस आधी सचिवाकडे द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. हा शिक्का असला की ‘विषय आला नव्हता’ असे म्हणता येत नाही.

ठरावाच्या शब्दांकडे आमच्या कार्यकर्त्यांचेच लक्ष नसते. ‘गावातील कचऱ्याचा प्रश्न सोडवावा’ हा ठराव एकमताने मंजूर होतो, टाळ्याही पडतात आणि त्याचे पुढे काहीही होत नाही, कारण त्यात कोणी, कुठे, केव्हापर्यंत हे काहीच नाही. ‘अमुक वाड्यावरील अमुक सर्वे क्रमांकातील कचरा पंचायतीने ३० दिवसांत उचलावा, खर्च अमुक शीर्षाखाली टाकावा आणि पुढील ग्रामसभेत सचिवांनी अहवाल ठेवावा’ असा ठराव गैरसोयीचा असतो. त्यावर वाद होतो, म्हणून तो कामाचा असतो. सूचक आणि अनुमोदक आधी ठरवावेत, शक्यतो वेगवेगळ्या वाड्यांवरचे आणि घराण्यांतले, म्हणजे ‘ही त्यांची भानगड’ असे म्हणायला जागा राहत नाही. सभेत एकाने बोलावे, दुसऱ्याने लिहून घ्यावे, तिसऱ्याने पुढच्या विषयावर नजर ठेवावी. इतिवृत्त सभा उठण्यापूर्वी वाचून दाखवावे, अशी मागणी दर वेळी करावी. घरी जाऊन लिहिलेल्या इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढेच उरते.

मुलींचा प्रश्न वेगळा आहे. ग्रामसभा साधारणपणे रविवारी असते. त्या वेळी घरचे काम, चुलत्या-मामांची उपस्थिती आणि ‘पुढे कशाला बसलीस’ हा शेरा, हे सगळे एकत्र येते. एकटी मुलगी पाठवून सहभाग दाखवणे हा तिच्यावर अन्याय आहे. चार-पाच जणी एका रांगेत बसल्या आणि त्यांच्यातल्या एकीच्या हातात आवक क्रमांकाचा कागद असला तर बोलणे सोपे जाते. स्वयंसाहाय्य गटातल्या बायकांना सोबत घेतले तर आणखी सोपे.

तरुणांची सर्वांत आवडती मागणी म्हणजे मैदान. आणि सर्वांत जास्त फसणारीही तीच. गावात मोकळी दिसणारी जागा पंचायतीची असेलच असे नाही. ती कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या सामायिक जमिनीच्या जुन्या संस्थेची) असते, खाजगी भाटकाराची (जमीनदाराची) असते, देवस्थानची असते किंवा वनखात्याची. म्हणून मागणी करण्यापूर्वी जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढावा. तो भूनोंदीच्या संकेतस्थळावर सर्वे क्रमांक टाकून पाहता येतो. कब्जेदार कोण, कुळाच्या रकान्यात कोणाचे नाव आहे, इतर हक्कांत काय लिहिले आहे, हे वाचायला अर्धा तास शिकवले तर मुलांना जमते. त्यानंतर प्रादेशिक आराखड्यात ती जागा कोणत्या क्षेत्रात दाखवली आहे ते पाहावे. एवढे करून ग्रामसभेत गेलेल्या मुलाला ‘बघू’ म्हणून बसवता येत नाही.

पैशाकडेही पाहायला शिकवले पाहिजे. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या अनुदानात ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेली होती, ४० टक्के मोकळी. ग्रामविकास आराखडा ग्रामसभेसमोर यावा लागतो आणि ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर चढवावा लागतो. आपल्या पंचायतीचा मागच्या वर्षाचा आराखडा तिथून उतरवून घ्यावा आणि बांधलेल्या रकमेतून प्रत्यक्ष काय झाले हे वाड्यावाड्यांत फिरून पाहावे. वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षातल्या चार मुलांना एका शनिवारी जमेल असे हे काम आहे, आणि राज्यशास्त्राच्या एका सत्राहून त्यातून जास्त कळते.

कागद मिळत नसेल तर माहिती अधिकार आहे. २००५ च्या कायद्यात अर्ज करायला वयाची अट नाही, नागरिकत्वाची आहे. अर्जाची फी १० रुपये. रोख भरली तर पावती घ्यावी. मुदत ३० दिवस. अर्जाचे कारण सांगावे लागत नाही. मुलांचे अर्ज फेटाळले जातात ते त्यांच्या भाषेमुळे. ‘रस्ता का केला नाही?’ हा जाब झाला. त्याला ‘अशी माहिती अभिलेखात नाही’ हे उत्तर मिळते. त्याच रस्त्याचे अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची पाने आणि दिलेल्या बिलांच्या प्रती मागितल्या की उत्तर द्यावेच लागते. एका अर्जात एकच काम आणि एकच कालावधी ठेवावा. पंचायतीचा जनमाहिती अधिकारी सचिव असतो. उत्तर आले नाही तर ३० दिवसांत गटविकास अधिकाऱ्यांकडे पहिले अपील करायचे आणि त्यानंतर ९० दिवसांत पणजीच्या राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. तारखा वहीत लिहिल्या नाहीत तर अपिलाची मुदत टळते आणि चांगली प्रकरणे तिथेच मरतात.

आता मंडळांकडे. हक्क बजावायला संस्था नोंदवणे सक्तीचे नाही. एकत्र येण्याचा अधिकार घटनेच्या १९व्या अनुच्छेदाने दिलेला आहे, पाच मुलांचा गटही ग्रामसभेचे काम करू शकतो. संस्थेच्या नावाने बँक खाते उघडायचे असेल, देणगी किंवा अनुदान घ्यायचे असेल तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात. नोंदणी करताना सगळा उत्साह नावावर आणि बोधचिन्हावर खर्च होतो. घटनापत्रात दोन गोष्टी नीट लिहाव्यात. पदाधिकाऱ्यांची मुदत किती, आणि पदाधिकारी पक्षाचा उमेदवार झाला तर त्याने कधी राजीनामा द्यायचा. वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे द्यायची असते. ती पहिल्याच वर्षी राहून जाते आणि तीन वर्षांनी बँकेत सह्या बदलायला गेल्यावर आठवते.

देणग्यांचा क्यूआर खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा असणे, हे गोव्यातल्या तरुण गटांतल्या भांडणांचे मोठे कारण आहे. पैसे प्रामाणिकपणे खर्च झाले तरी ते त्याच्या खात्यात जमा दिसतात आणि हिशेब मागितला की मैत्री जाते. दोन सह्यांचे खाते, क्रमांक असलेले पावतीपुस्तक आणि दर महिन्याला सभासदांच्या ग्रुपवर टाकलेला जमाखर्च, एवढे पुरेसे आहे.

याहून गंभीर गोष्ट परदेशी पैशाची. लंडनहून किंवा लिस्बनहून चुलत भाऊ प्रेमाने पन्नास पौंड पाठवतो. तो भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी ठरत नाही. त्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेले असेल तर तो कायद्याने परकीय आहे, मग त्याचे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरी. एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणीशिवाय संस्थेने ते पैसे घेणे हा गुन्हा आहे. गोव्यात दर वाड्यावर असे नातेवाईक असताना हा नियम बहुतेक मंडळांना माहीत नसावा, ही आश्चर्याची गोष्ट आहे. देणगी घेतानाच नागरिकत्व विचारणारी एक ओळ पावतीवर छापून घ्यावी.

इथल्या पैशाचाही विचार करायला हवा. चवथीला, शिगम्याला, फुटबॉल स्पर्धेला जर्सी आणि मंडप आमदार किंवा इच्छुक पुरवतो. पाठीवर त्याचे नाव असते. क्रीडा मंडळाने ते घ्यावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण तेच मंडळ जानेवारीत मतदार नोंदणीचे टेबल टाकते तेव्हा विरोधी गटातल्या घरांतली मुले त्या टेबलाकडे फिरकत नाहीत. नोंदणीचे आणि ग्रामसभेचे काम करणाऱ्या गटाने पुरस्कर्त्याचा टी-शर्ट घालू नये, एवढे तरी पाळता येईल.

निवडणूक जाहीर झाल्यावर गटांचे धाडस वाढते आणि भानही सुटते. उमेदवारांची तुलना करणारे पत्रक काढायला हरकत नाही. फॉर्म २६ च्या शपथपत्रात गुन्हे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण दिलेले असते, ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून घेऊन छापता येते. मात्र पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते हवेत, नाहीतर छापणारा आणि छापून घेणारा दोघेही अडकतात. एखाद्या उमेदवाराच्या प्रचारासाठी त्याच्या लेखी परवानगीशिवाय खर्च करणे हाही दंडनीय गुन्हा आहे. मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास तर पूर्ण शांत राहावे.

आंदोलनाबद्दल तरुणांना वाटणारी भीती वडीलधाऱ्यांना भित्रेपणा वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. बोटीवर, आखातात किंवा युरोपात नोकरी करायची तर पोलिसांचा निर्दोषत्वाचा दाखला लागतो आणि एखादे प्रलंबित प्रकरण तो अडवू शकते. गोव्यातल्या मध्यम आणि गरीब घरांत ही टांगती तलवार खरीच आहे. तेव्हा मोर्चा काढणाऱ्या संस्थेने लेखी कळवणे, ध्वनिक्षेपकाची परवानगी वेळेत घेणे, रस्ता न अडवणे, बाहूवर पट्टी बांधलेले स्वयंसेवक ठेवणे आणि वकिलाचा फोन प्रत्येकाच्या खिशात देणे, ही तयारी करूनच मुलांना बोलवावे. स्त्रिया, अठरा वर्षांखालील मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. १५१०० हा त्याचा हेल्पलाइन क्रमांक.

गोव्यात तरुणांनी काही केले नाही, असे कोणी म्हणू नये. सत्तरच्या दशकाच्या शेवटी विद्यार्थ्यांनी बसच्या अर्ध्या तिकिटासाठी केलेले आंदोलन जुन्या पिढीला आठवत असेल. अलीकडचे उदाहरण २०२० मधल्या मोले चळवळीचे. मोले अभयारण्यातून जाणाऱ्या रेल्वे दुपदरीकरण, महामार्ग आणि वीजवाहिनी या तीन प्रकल्पांविरुद्ध तरुण वकील, संशोधक आणि चित्रकार एकत्र आले. चित्रे आणि चांदरला रेल्वेमार्गावर निषेधात जागवलेली रात्र सगळ्यांच्या लक्षात राहिली. पण गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेने प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीपुढे नेले, समितीने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल दिला आणि ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली, ते कागदपत्रांच्या जोरावर. हा दुसरा भाग मुलांना शिकवला जात नाही. जनसुनावणीचेच पाहा. पर्यावरणीय सुनावणीची सूचना तीस दिवस आधी द्यावी लागते, सगळे कामकाज चित्रित करावे लागते आणि शेवटी मांडलेल्या मतांचा सारांश स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो. घोषणा देऊन सगळे निघून गेले की सारांश रिकाम्या खुर्च्यांपुढे वाचला जातो. दहा जणांनी शेवटपर्यंत बसून, आपला मुद्दा सुटला असेल तर तो तिथेच लिहून घ्यायला लावावा आणि लेखी निवेदनाची पोच घ्यावी.

महाविद्यालयीन निवडणुकांवर लिंगडोह समितीच्या शिफारशी २००६ पासून लागू आहेत. पदवीच्या उमेदवाराचे वय १७ ते २२, हजेरी ७५ टक्के, खर्चाची मर्यादा पाच हजार रुपये, आणि सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक. आपल्या संस्थेत यातले काय पाळले जाते, हे विद्यार्थ्यांनीच तपासावे. अठराखालच्या मुलांसाठी गोवा बाल कायदा २००३ मध्ये आला आणि त्यानुसार गाव बाल समित्या आहेत. आपल्या गावातल्या समितीची शेवटची बैठक कधी झाली, हा एक चांगला माहिती अधिकार अर्ज होईल.

आता आपल्याकडे मागणे. ग्रामसभा, जनसुनावण्या आणि मसुद्यांवरच्या हरकतींच्या सूचना आपल्या दैनिकात जाहिरातींच्या पानावर बारीक अक्षरांत येतात आणि तरुण ते पान उघडत नाहीत. आठवड्यातून एकदा, शक्यतो गुरुवारी, म्हणजे रविवारच्या सभेआधी तीन दिवस हातात राहतील अशा बेताने, तालुकावार एक चौकट छापावी: कुठल्या पंचायतीची ग्रामसभा कधी आणि किती वाजता, कोणत्या मसुद्यावर हरकतीची शेवटची तारीख कोणती, हरकत कुठल्या पत्त्यावर द्यायची. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये तिच्यात पुढच्या अर्हता दिनांकाची आणि मतदार हेल्पलाइन १९५० ची ओळ घालावी. माहिती गोळा करायला तालुक्याला एक माणूस लागेल. आपल्या वार्ताहरांवर तो भार नको असेल तर पंचायतींच्या फलकांवरच्या सूचनांची छायाचित्रे दर बुधवारी सकाळपर्यंत पाठवायला आम्ही तयार आहोत. सुरुवात फोंडा, डिचोली आणि सत्तरी या तीन तालुक्यांपासून करता येईल.

आपले,
मतदार नोंदणी व ग्रामसभेच्या कामातील काही कार्यकर्ते,
फोंडा, गोवा